डाव्या खिडकीतला माणूस

अमेरिकेतील बहुतेक जुन्या घरांना तळघर असते. तिथे कपडे धुण्याचे यंत्र असते, हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी असते, मुलांनी मोठे होताना मागे टाकलेल्या सायकली असतात. आणि काही थोड्या तळघरांत एक रेल्वे असते. ती खेळणे म्हणून सुरू झालेली असते, पण तिला खेळणे म्हटलेले तिच्या मालकाला खपत नाही. लाकडी चौकटीवर कमरेइतक्या उंचीला तिचा मुलूख पसरलेला असतो: प्लॅस्टरचे डोंगर, रंगवलेल्या भुशाचे गवत, चिमटीने एकेक दाणा पेरावा तशी पसरलेली खडी. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची ही सृष्टी. त्या जगातला रूळमार्ग साडेसोळा मिलिमीटर रुंद, चाळीस फुटी मालडबा वीतभराहून कमी आणि सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर.

अशा एका तळघरातील गृहस्थ कल्पनेत आणावेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात असे गृहस्थ पुष्कळ आहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर, डोळ्यांना भिंग लागलेले. रेल्वेचा मुलूख त्यांनी फार पूर्वी ठरवला आहे: ऑल्टुना हे पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे गाव आणि त्याच्या पश्चिमेचा हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे घोड्याच्या नालासारखे वळण. १८५४ साली सुरू झालेल्या या वळणावरून आगगाड्या ॲलेगेनी पर्वत चढतात. कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून इंजिने लावलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ऑल्टुनाचा व्यवहार निराळा समजावून सांगावा लागणार नाही. वळणाची खरी त्रिज्या सुमारे १९० मीटर. तिला ८७ ने भागले तरी सव्वादोन मीटर उरते आणि तेवढे वळण तळघरात मावत नाही. गृहस्थांनी ते आवळून घेतले आहे. जागेच्या बाबतीत ही तडजोड त्यांना चालते. काळाच्या बाबतीत मात्र ते कडक आहेत. पायऱ्या उतरताच समोरच्या भिंतीवर त्यांनी एक कागद डकवला आहे आणि त्यावर एवढेच लिहिले आहे: ‘ऑक्टोबर १९५६’.

या छंदाची मासिके १९३४ पासून आणि त्याची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून चालू आहे, आणि तेव्हापासून त्यात दोन पंथ नांदत आले आहेत. पहिल्या पंथाचे लोक आपली रेल्वे मनानेच निर्माण करतात. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन यांनी उभारलेली ‘गॉरी अँड डिफीटेड’ ही या पंथाची काशी. नावातच थट्टा होती, आणि यार्डात डबे ढकलायला इंजिनाऐवजी एक डायनोसॉर ठेवण्याइतकी ती थट्टा पुढे गेली होती. पण त्या डोंगरदऱ्यांवरची धूळ, गंज आणि संध्याकाळ इतकी खरी होती की पाहणारे गंभीर होत. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारले आणि थोड्याच दिवसांत ते सारे आगीत गेले. दुसऱ्या पंथाचे लोक ठरावीक रेल्वे, ठरावीक गाव आणि ठरावीक साल पाळतात. या लोकांना स्वातंत्र्य कमी, पण अभ्यास फार. गृहस्थ या दुसऱ्या पंथाचे.

साल ठरले की इंजिनांची निवड आपोआप होईल, असे नवख्याला वाटते. पण खरी कटकट तिथेच सुरू होते, आणि खरे सांगायचे तर खरा आनंदही तिथेच. १९३९ साली इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीने १०३ क्रमांकाचे चार तुकड्यांचे एक डिझेल इंजिन देशभर फिरवले. वीस रेल्वेकंपन्यांच्या रुळांवरून ते सुमारे ८४ हजार मैल धावले, आणि मालगाड्या कोळशावाचून चालू शकतात हे सिद्ध झाले. युद्धानंतर वाफेची इंजिने भराभर हटू लागली. ही पहिली डिझेले दिसायला देखणी होती: गोल नाक, सलग पाठ, एखाद्या डब्यासारखे अंग. पण यार्डात मागेपुढे करताना ड्रायव्हरला मागचे काही दिसत नसे. मग १९४९ साली जीपी-७ आले. रिचर्ड डिलवर्थ या अभियंत्याने ते आखताना सौंदर्याला मुद्दाम फाटा दिला होता, असे सांगतात. इंजिन इतके कुरूप असावे की मुख्यालयाजवळ ते ठेवण्याची कोणाला इच्छा होऊ नये आणि ते दूरच्या फाट्यांवर कामाला लागावे. अरुंद हूडखाली यंत्र, दोन्ही बाजूंनी चालायला फळ्या, मधे उंच केबिन. कुरूप म्हणून जन्मलेले हे रूप पुढे साऱ्या देशाचे झाले. १९५४ साली त्याचाच थोरला भाऊ जीपी-९ निघाला. ताकद १५०० वरून १७५० अश्वशक्तींवर गेली.

म्हणजे १९५६ साली जीपी-७ चालेल, जीपी-९ चालेल. जीपी-३० चालणार नाही, कारण ते १९६१ पूर्वी नव्हतेच. आणि नेमके त्याचेच कपाळ असे बाकदार आहे की दुकानाच्या कपाटापुढे गृहस्थांची पावले दरवेळी अडखळतात. जनरल इलेक्ट्रिकचे यू-२५बी हेही दाराबाहेरच. पण वर्षाची चाळणी ही नुसती सुरुवात. दऱ्याखोऱ्यांतील रेल्वेने डायनॅमिक ब्रेक घेतला असेल तर हूडच्या मध्यावर दोन्ही बाजूंना त्याचा फुगवटा हवा. उतरताना चाकांच्या मोटरींना जनित्र बनवून गाडीचा वेग वीज करून उधळायचा आणि ती वीज उष्णतेच्या रूपाने छपरावरच्या पंख्यातून सोडायची, अशी ती व्यवस्था. सपाट मुलखातील कंपन्या तिच्यावर सहसा पैसे घालत नसत. प्रवासी गाड्यांना वाफ पुरवणारे जीपी-७ असेल, तर पोटाखाली पाण्याला जागा व्हावी म्हणून हवेच्या टाक्या छपरावर चढवलेल्या दिसतील.

पेनसिल्व्हेनियाच्या बाबतीत तर छप्पर ही स्वतंत्र विद्या आहे. या कंपनीने गाडीच्या दोन टोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘ट्रेनफोन’ नावाची योजना केली होती, आणि तिच्यासाठी इंजिनांच्या व गार्डाच्या डब्यांच्या छपरांवर लांबच लांब नळ्यांचे कठडे उभे केले होते. पुढे साधा रेडिओ आला आणि साठीच्या दशकात हे कठडे गेले. दुकानात मिळणारे इंजिन अनेकदा या कठड्यांशिवाय येते. मग गृहस्थ पितळेची बारीक तार घेऊन बसतात, छपराला टाचणीच्या जाडीची भोके पाडतात आणि एका इंजिनामागे तीन संध्याकाळी घालवतात. रंगाचेही तसेच. कंपनी ज्याला हिरवा म्हणे, त्याबद्दलचा विनोद जुना आहे: बादलीभर काळ्यात हिरव्याचा एक थेंब. पण तो थेंब चुकला की जाणत्याला लांबून कळते. शिवाय प्रवासी इंजिनांच्या अंगावर आधी पाच बारीक सोनेरी रेघा होत्या, पन्नाशीच्या मध्यानंतर एकच रुंद रेघ आली. १९५६ साली दोन्ही दिसणे शक्य आहे, आणि म्हणून त्या साली एकाच जातीची दोन इंजिने शेजारी उभी करता येतात. मालडब्यांवरचे सावलीदार बोधचिन्ह १९५४ पासूनचे. तेही बसते, पण सगळ्या डब्यांवर नको. नवे चिन्ह आले म्हणून कोणतीही रेल्वे आपले सगळे डबे एका दिवसात रंगवत नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनिया स्वतःला ‘जगाची प्रमाणभूत रेल्वे’ म्हणवून घेई, आणि वाफेच्या काळात तिच्या इंजिनांत खरोखरच एक घराणेदार सारखेपणा होता. ऑल्टुनाच्या कारखान्यात सहा हजारांहून अधिक वाफेची इंजिने घडली. डिझेल घेताना मात्र या घराण्याची घडी विस्कटली. कोळसा वाहून पैसा मिळवणाऱ्या कंपनीला कोळसा सोडवेना. सोडायचे ठरले तेव्हा घाई झाली. आणि घाईत जो देईल त्याच्याकडून इंजिने घेतली गेली. फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविनचे शार्कच्या नाकाचे इंजिन, फेअरबँक्स-मॉर्सचे एकाच सिलिंडरात समोरासमोर दोन दट्टे असलेले ‘ट्रेन मास्टर’, अल्कोचे आरएस-३, इलेक्ट्रो-मोटिव्हची गोल नाके आणि चौकोनी हूडे. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालत नसे. बाल्डविनची ‘सेंटिपीड’, म्हणजे गोमेसारखी असंख्य चाकांची इंजिने, जलद प्रवासी गाड्यांसाठी आणली होती. त्यांनी निराशा केली आणि शेवटी त्यांच्या नशिबी ऑल्टुनाच्या चढावर मालगाड्या ढकलणे आले. लेखापालांना हा गोंधळ किती महाग पडला असेल ते असो; तळघरातल्या माणसाला तो पर्वणी वाटतो. एकसारखी वीस इंजिने मांडणाऱ्या शेजाऱ्याची त्याला कीव येते.

या गर्दीतले अल्को भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील या कंपनीची इंजिने १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ या नावाने आपल्याकडे आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. अल्कोने स्वतःचा इंजिनकारखाना १९६९ साली बंद केला. वाराणसीत मात्र तिच्या घराण्यातील इंजिने एकविसाव्या शतकातही निघत राहिली. पुणे-मिरज मार्गावर ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानात तो दम लागल्यासारखा, अडखळत चढणारा आवाज आणि चाल घेताना सुटणारा काळा लोट अजून असेल. ऑल्टुनाचे आरएस-३ हे त्या घराण्यातले जुने, दुबळ्या प्रकृतीचे वडीलधारे. त्याचे यंत्र निराळे आणि कुरकुरे होते, पण धुराची सवय तीच. आता छोट्या इंजिनांच्या पोटात ध्वनीची चकती बसवता येते, आणि कोणत्या इंजिनाला कोणाचा आवाज द्यायचा हाही निवडीचा भाग झाला आहे. गृहस्थांनी आरएस-३ साठी तीन आवाज ऐकून दोन परत केले.

नियम पाळणाऱ्याला इतिहास कधी कधी मुद्दाम चकवतो. ऑल्टुनाच्या माणसाने दूरच्या सांता फे कंपनीचे वाफेचे इंजिन आपल्या मांडणीवर आणले तर कोणीही हसेल. परंतु १९५६ साली वाहतूक एकाएकी वाढली, पेनसिल्व्हेनियाला इंजिने कमी पडली आणि तिने खरोखरच सांता फेची अवाढव्य वाफेची इंजिने भाड्याने आणून ओहायोत कोळशाच्या गाड्यांना जुंपली. ती हॉर्सशूवर आली नाहीत. म्हणून गृहस्थांनी मोह आवरला. उलट नातवाने वाढदिवसाला आणलेले निळे एसडी-४०-२ नाकारणे त्यांना जमले नाही. ते इंजिन १९७२ नंतरचे, त्यावरचे कॉनरेलचे नाव १९७६ नंतरचे. म्हणजे मांडणीच्या हिशेबाने ते अजून वीस वर्षे जन्माला यायचे आहे. नातू येतो तेव्हा भिंतीवरचा कागद उलटा लावला जातो आणि निळे इंजिन वळण चढते. तो गेला की कागद पुन्हा सुलटा.

हे सारे ऐकून एखाद्याने विचारावे की १९५६ च का? साल मागे नेले असते, १९४८ घेतले असते, तर वाफेचे वैभव अखंड मिळाले असते. पुढे नेले असते तर हवी ती डिझेले मिळाली असती. या छंदात पन्नाशीचे दशक सर्वांत लाडके आहे आणि त्याचे उत्तर सहसा सोपे दिले जाते: तेव्हा दोन्ही इंजिने एकत्र होती, म्हणजे दोन्ही विकत घेता येतात. उत्तर खोटे नाही. ऑल्टुनाच्या पूर्वेला, मिडल डिव्हिजनवर, एम-१ जातीची वाफेची इंजिने तेव्हा अजून मालगाड्या ओढत होती. पुढच्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाची वाफ कायमची थंडावली. पण जी दोन इंजिने शेजारी शेजारी देखणी दिसतात, त्यांतले एक दुसऱ्याचे अन्न काढून घेत होते, आणि त्या अन्नावर गावे जगत होती.

१९५१ साली कॉट्रेल या समाजशास्त्रज्ञाने वाळवंटातील एका रेल्वेगावावर एक लेख लिहिला आणि त्याला नाव दिले ‘डिझेलीकरणाने आलेला मृत्यू’. त्या गावाला पाऊस नव्हता, शेती नव्हती. ते तिथे होते ते केवळ वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी, तेलपाणी आणि देखभाल लागते म्हणून. लोकांनी तिथे घरे बांधली, शाळा उभारली, दवाखाना केला. सगळे नियमाप्रमाणे, सगळे कष्टाने. डिझेलला तिथे थांबण्याचे कारण उरले नाही. गाडी न थांबता निघून गेली, आणि ज्यांनी रेल्वेवर विश्वास ठेवून मुळे रोवली होती त्यांचेच सर्वाधिक नुकसान झाले. फिरस्ते सहज निघून गेले. भुसावळ, दौंड यांसारख्या गावांत लोकोशेडच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे लागत, त्यांना या लेखात काही परके वाटणार नाही.

ऑल्टुना त्या वाळवंटी गावाइतके एकहाती नव्हते, म्हणून ते मेले नाही, झिजले. आणि झीज तर इंजिनाच्या केबिनमध्येही शिरली होती. वाफेच्या प्रत्येक इंजिनावर दोन माणसे अटळ: उजव्या खिडकीत ड्रायव्हर, डाव्या बाजूला फायरमन. चढावर तीन इंजिने लागली की सहा माणसे लागत. डिझेलची चार युनिटे मात्र एकाच केबिनमधून चालतात, आणि तिथे भट्टीच नाही. तरीही १९३७ च्या करारामुळे डिझेलवर फायरमन राहिला. त्याला कोळसा नव्हता. पण डावी बाजू आणि सिग्नल पाहणे, चालत्या गाडीत यंत्राकडे जाऊन येणे, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसून ड्रायव्हर होण्यास शिकणे हे त्याचे काम होते. कंपन्यांनी त्याला फुकटचा पगारदार ठरवले, संघटनेने सुरक्षेचा रक्षक. भांडण वर्षानुवर्षे चालले. १९६३ च्या २८ ऑगस्टला, म्हणजे वॉशिंग्टनचा प्रसिद्ध मोर्चा निघाला त्याच दिवशी, केनेडींनी सक्तीच्या लवादाच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लवादाने निवाडा दिला: मालगाड्यांवरील आणि यार्डातील फायरमनांच्या नव्वद टक्के जागा काढून टाकता येतील. ज्यांची नोकरी दहा वर्षांची झाली होती ते तरले. बाकीच्यांपैकी कोणाला दुसरी जागा, कोणाला हातात रक्कम आणि निरोप.

गृहस्थांचे वडील १९५५ साली फायरमन म्हणून लागले होते.

नव्या माणसाच्या वाट्याला जुनी इंजिने येतात, म्हणून पहिले वर्ष त्यांनी वाफेवर काढले. १९५६ च्या शरदात त्यांना प्रथम डिझेलवर पाठवले गेले. त्या दिवशी ते घरी आले ते स्वच्छ कपड्यांनिशी. आईला धुण्याचा त्रास वाचला म्हणून ती हसली, आणि सात वर्षांच्या मुलाला वडील एकदम दुकानदारासारखे दिसले. पुढे शनिवारी तो वळणाजवळ जाऊन उभा राहू लागला. गाडी आली की डाव्या खिडकीतून एक हात बाहेर येई. आठ वर्षांनी वडिलांच्या हाती एक कागद आला. दहाला काही महिने कमी पडत होते. त्यांनी ऑल्टुनातच एका गोदामात नोकरी धरली आणि रेल्वेबद्दल वाईट बोलले नाहीत. चांगलेही बोलले नाहीत. रात्री भोंगा ऐकू आला की मात्र बोलता बोलता थांबत, आणि गाडी वळणापलीकडे गेली की वाक्य जिथे सोडले तिथून पुढे नेत.

मित्रमंडळी मांडणी पाहायला येतात तेव्हा त्यांतला एखादा विचारतो की ज्या इंजिनाने वडिलांची जागा घेतली, त्याच्यावर एवढी पितळेची तार कशासाठी वाकवायची. गृहस्थ उत्तर देत नाहीत. तो प्रश्न त्यांना नवा नाही. १९४८ घेतले असते तर वडील मांडणीवर नसते. १९६६ घेतले असते तरीही नसते. दोन्हींच्या मधल्या त्या थोड्या वर्षांतच ते आहेत, आणि ते आहेत त्या कुरूप जीपी-९ च्या केबिनमध्ये.

हॉर्सशू कर्व्हवर पेनसिल्व्हेनियाने १९५७ साली वाफेचे एक निवृत्त के-४ इंजिन स्मारक म्हणून मांडले होते. १९८५ साली ते दुरुस्तीसाठी हलवले गेले आणि त्याच्या जागी आणून ठेवले ते एक जीपी-९, क्रमांक ७०४८. मुख्यालयापासून दूर राहावे म्हणून जे बेढब केले, ते आज बागेत उभे आहे आणि मुले त्याच्यासमोर छायाचित्रे काढून घेतात. गृहस्थ तिथे वर्षातून दोनदा जातात. केबिनच्या डाव्या खिडकीखाली उभे राहून मान वर करतात. उंची आठवणीपेक्षा कमी आहे, असे त्यांना प्रत्येक वेळी वाटते.

या हिवाळ्यात त्यांनी नवे जीपी-९ घेतले. जुन्या छोट्या इंजिनांची हूडे मोटर मावावी म्हणून खऱ्यापेक्षा रुंद असत आणि कित्येक वर्षे सगळ्यांनी ते चालवून घेतले. या नव्याचे हूड प्रमाणात आहे, फुगवटा जागच्या जागी आहे. छपराचे कठडे झाले. रंग झाला, क्रमांक बसला, चाकांवर धुळीचा हात फिरला. शेवटी त्यांनी केबिन उचलली आणि दोन सेंटिमीटरांहूनही लहान, बसलेली दोन माणसे चिमट्यात धरली. उजवा ड्रायव्हर पाकिटातून निघाला तसाच चिकटवला. डाव्याचा हात मात्र शरीराला जोडलेला होता. तो त्यांनी पात्याने सोडवला, तारेच्या टोकावर पुन्हा बसवला आणि कोपर खिडकीच्या कडेवर येईल असा वाकवला. केबिन बसली. आता तो हात दिसण्यासाठी भिंगच हवे.

वळणाआधी पाण्याची टाकी आहे. ती त्यांनी पाडली नाही. तिची सोंड वर उचलून बांधली आहे आणि तळाशी गंज रंगवला आहे, कारण ऑक्टोबर १९५६ मध्ये या बाजूला तिची फारशी गरज उरली नव्हती. गाडी तिच्याखालून न थांबता पुढे जाते.